वहीत न आलेला भार : एका मॅरेथॉन-सरावाचं प्रकरण

१६ ऑक्टोबर २०२४, कोजागरीचा दिवस. बडोद्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक ताई जिन्याचा कठडा धरत वर आल्या. वय ४३, शाळेत शिक्षिका, राहायला समा भागात. १९ जानेवारी २०२५ला त्यांना मुंबई मॅरेथॉन धावायची होती, म्हणजे हाताशी ९५ दिवस होते. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी विचारलं, "डॉक्टर, किती दिवसांत बरं होईल ते सांगा. न धावण्याबद्दल काही बोलू नका."

हे प्रकरण मी त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्यांच्या नडगीला झालेली इजा मी दर वर्षी आठ-दहा जणांत पाहते, त्यामुळे इजा म्हणून ती काही दुर्मिळ नव्हती. तरी ती लवकर लक्षात आली नाही, आणि लक्षात आल्यावर एकदा बिघडली. या दोन्हीची कारणं मला नीट नोंदवून ठेवायची आहेत, कारण त्यांतलं एक कारण माझ्याही नजरेतून निसटलं होतं.

ताई धावत होत्या त्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या लहान मुलांसाठी. दाहोद, छोटाउदेपूरकडून आईवडील मुलाला घेऊन शहरात येतात. मुलाला खाट मिळते, आईवडील मात्र व्हरांड्यात चादर टाकून झोपतात. अशा कुटुंबांना खोली आणि दोन वेळचं जेवण देणाऱ्या एका संस्थेसाठी त्या पैसे उभे करत होत्या. त्यांच्या वर्गातला एक मुलगा याच आजारातून गेला होता, आणि त्याच्या आईला त्यांनी त्या व्हरांड्यात पाहिलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं आणि सोडणं चालू होतं.

सरावाची वही त्यांनी सोबत आणली होती. शिक्षिकेची वही ती, तारीख, अंतर, वेळ, सगळं रेघा मारून लिहिलेलं. जूनमध्ये आठवड्याला २२ किलोमीटर, जुलैत ३०, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ३८, आणि सर्वांत लांब धाव १८ किलोमीटरची. इथपर्यंत नाव ठेवायला जागा नव्हती. मग दोन पानं कोरी होती.

कोरी का, ते बडोदेकरांना सांगायला नको. २६ ऑगस्टपासून विश्वामित्रीने शहर वेठीला धरलं. नदीची धोक्याची पातळी २६ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. समा, फतेहगंज, अकोटा भागात तळमजले बुडाले, रस्त्यांवर मगरी दिसल्या. ताईंचं घर तळमजल्यावर. वहीत त्या दोन आठवड्यांपुढे "सराव बंद" एवढंच लिहिलेलं होतं.

"बंद होता म्हणजे विश्रांती होती का?" मी विचारलं.

"कसली विश्रांती? गाळ उपसत होतो. भिजलेल्या गाद्या, कपाटं, मुलांची पुस्तकं, सगळं उचलून बाहेर. रोज सात-आठ तास, वाकून नाहीतर उभ्यानं."

९ सप्टेंबरला त्या पुन्हा धावायला लागल्या. मोबाइलवर कुणी पाठवलेलं २० आठवड्यांचं वेळापत्रक त्या पाळत होत्या. ते १ सप्टेंबरला सुरू झालेलं, म्हणजे पहिला आठवडा गेला होता. राहिलेलं भरून काढायचं म्हणून त्यांनी थेट ४६ किलोमीटरचा आठवडा केला, आणि १५ तारखेच्या रविवारी २४ किलोमीटरची लांब धाव. आधीच्या सर्वांत लांब धावेपेक्षा सहा किलोमीटर जास्त, तीही दोन आठवड्यांच्या खंडानंतर. आठवडाभरात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. धावणाऱ्या मैत्रिणींनी सांगितलं, "शिन स्प्लिंट आहे, सगळ्यांनाच होतं." मग बर्फ झाला, स्प्रे झाला, नवे बूट आले. लांब धावेच्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळी घेणंही सुरू झालं.

ही गोळी मला फार खटकते. दुखणं दबतं, पण हाडावरचा ताण तेवढाच राहतो, आणि घाम गाळत तासन्‌तास धावताना अशी गोळी मूत्रपिंडालाही जड जाऊ शकते. लांब धावेआधी ती घेणं ही आपल्याकडच्या हौशी धावपटूंमध्ये इतकी सरसकट गोष्ट झाली आहे की त्या बोलण्याच्या ओघात सहज सांगून गेल्या.

मग नवरात्र. ३ ऑक्टोबरला घट बसले, १२ला दसरा. वहीत या दिवसांत धावणं फक्त २२ किलोमीटर. "बघा, मी पायाला आरामच दिला होता," त्या म्हणाल्या. मी विचारलं, गरबा?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बडोद्यात हा काय विचारायचा प्रश्न आहे! नऊपैकी सात रात्री, रोज अडीच तास, मैदानावर, अनवाणी. आणि घरी घट म्हणून नऊ दिवसांचे उपवास. दिवसा चहा आणि एखादं केळं, रात्री गरब्याला जाण्याआधी वाटीभर साबुदाण्याची खिचडी, परत आल्यावर झोप.

भार मोजायची एक साधी रीत आम्ही वापरतो. व्यायामाची मिनिटं गुणिले दमणूक, आणि दमणुकीला शून्य ते दहा गुण द्यायचे. ताईंच्याच वहीच्या पाठच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. ४६ किलोमीटरचा आठवडा म्हणजे सुमारे ३२२ मिनिटं, दमणूक ५, एकूण १६१०. एक रात्र गरबा म्हणजे १५० मिनिटं, दमणूक ६, म्हणजे ९००. सात रात्री मिळून ६३००. तिकडे विश्रांती म्हणून नोंदवलेल्या नऊ दिवसांत त्यांच्या शरीराने जवळजवळ चार आठवड्यांच्या धावण्याएवढं काम केलं होतं, तेही जेमतेम खाऊन. या आकड्यावरून हाडावर किती दणका बसला ते नेमकं कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण तीन टाळ्यांच्या गरब्यात उजवा पाय किती वेळा आपटतो हे मला कुणी सांगायला नको. मीही याच गावात वाढले आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, २६ किलोमीटरची धाव ठरली होती. सतराव्या किलोमीटरला कळ आली ती थांबेना. तरी त्यांनी २६ पूर्ण केले. त्या रात्री झोपेतही पाय ठणकत राहिला.

तपासणीत मी आधी फक्त एवढंच विचारते, कुठे दुखतंय ते दाखवा. नडगीच्या स्नायूंचं आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं, म्हणजे शिन स्प्लिंट, असेल तर माणूस बहुधा पंजा फिरवतो, इथून इथपर्यंत. ताईंनी एक बोट ठेवलं. नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्यापासून साधारण टीचभर वर. मी तिथेच अंगठ्याने हलका दाब दिला आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट पकडली. दोन बोटं वर दाबलं, काही नाही. दोन बोटं खाली, काही नाही. उजव्या पायावर एक उडी मारायला सांगितली, ती त्यांना मारता आली नाही. एक्स-रे स्वच्छ आला. तो सुरुवातीला बऱ्याचदा स्वच्छच येतो, आणि त्याच कागदाच्या जोरावर लोक आणखी महिनाभर धावतात. अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करवला. हाडाच्या आत सूज स्पष्ट होती, भेग मात्र अजून पडलेली नव्हती. हाडाला ताणाने होणाऱ्या इजेची तीव्रता सांगणाऱ्या फ्रेडरिक्सन यांच्या चार पायऱ्यांच्या वर्गवारीत तिसरी पायरी. नशीब एवढंच की इजा आतल्या-मागच्या कडेला होती. नडगीच्या पुढच्या कडेला झालेली अशी इजा भरायला फार हट्टी असते.

हे का झालं ते त्यांना समजावणं मला औषधाइतकंच गरजेचं वाटलं. हाड जिवंत असतं. ताण वाढला की शरीर त्या जागेचं जुनं हाड आधी पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. काढायचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र तीनेक महिने लागतात. मधल्या काळात ती जागा नेहमीपेक्षा कच्ची असते. रस्ता खोदून ठेवला आहे, डांबर यायचं आहे, आणि वाहतूक मात्र दुप्पट सोडली आहे, तसं. ९ सप्टेंबरला एकदम वाढवलेल्या भारानंतर बरोबर तीन-साडेतीन आठवड्यांनी नवरात्र आलं. हाड सर्वांत कच्चं असताना त्यावर सर्वांत मोठा भार पडला, आणि हाड भरायला लागणारा माल उपवासामुळे ताटात नव्हता.

रक्तात ड जीवनसत्त्व १४ निघालं. २०च्या खाली कमतरता धरतात. जूनपासून वजन पाच किलो उतरलं होतं आणि त्याचं शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं होतं. पाळी दोन महिने आली नव्हती, "वयाचं असेल" म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. असेलही. पण व्यायाम वाढला आणि खाणं त्या मानानं वाढलं नाही, तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडांची डागडुजी मागे टाकतं. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये रेड-एस हे नाव दिलं. नाव नवं असलं तरी अंगणवाडीच्या ताईही सांगतील अशी ही गोष्ट आहे, कष्ट वाढले की भाकरी वाढली पाहिजे. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

उपचार सांगण्यासारखे फार नाहीत. तीन आठवडे घोट्यापर्यंतचा आधार-बूट. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टरांच्या सल्ल्याने. तलावात कमरेला पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता पाण्यात धावणं. मांडीचे, कुल्ल्याचे, पोटरीचे व्यायाम. १ नोव्हेंबरची दिवाळी त्यांनी बूट घालून, स्टुलावर बसून चकल्या तळत काढली. ८ नोव्हेंबरला बूट निघाला. चालताना दुखणं नव्हतं, अंगठ्याच्या दाबाला किंचित हुळहुळत होतं. आणखी तीन आठवडे फक्त चालणं आणि तलाव असं ठरलं. मॅरेथॉनचं काय, यावर मी "बघू" म्हणाले. हे "बघू" म्हणणं माझं चुकलं. जानेवारीत ४२ किलोमीटर होणार नाहीत हे मला एमआरआय पाहिला तेव्हाच कळलं होतं. त्यांचं मन मोडू नये म्हणून मी दार किलकिलं ठेवलं.

२६ नोव्हेंबरला, ठरलेल्या तारखेच्या आधीच, त्या आल्या. पुन्हा लंगडत. रविवारी पहाटे, घरात कुणाला न सांगता, त्या १२ किलोमीटर धावल्या होत्या.

मी रागावले नाही. खरं सांगायचं तर मला रडू येईल असं वाटलं. मी दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि विचारलं, "ताई, का?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शनिवारी रात्री पुण्याहून दिरांचा फोन आला होता. 'वहिनी, पूर्ण बेचाळीसच ना? मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही पूर्ण केलंत की लगेच पैसे पाठवतो.' ते प्रेमानंच बोलले हो. पण मला झोप लागली नाही."

मग त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. साठ नावं. प्रत्येकाने दर किलोमीटरमागे अमुक रुपये असं कबूल केलेलं, कुणी २०, कुणी ५०, कुणी १००. सगळ्यांची बेरीज दर किलोमीटरला ३,००० रुपये. बेचाळीस किलोमीटरचे १,२६,०००. संस्थेत एका कुटुंबाची एका दिवसाची सोय ५०० रुपयांत होते, हेही खाली लिहिलेलं.

"मी एक किलोमीटर कमी धावले," ताई म्हणाल्या, "की एक आई सहा दिवस व्हरांड्यात."

तो कागद हातात धरून मी बसले होते, आणि दीड महिना मी काय विचारलं नाही ते मला तेव्हा कळलं. मी दुखणं विचारलं, बूट विचारले, जेवण, झोप, पाळी, गरबा, सगळं विचारलं. पैसे कसे ठरले आहेत हे विचारलं नाही. सतराव्या किलोमीटरला कळ आली तेव्हा ही बाई का थांबली नाही, याचं उत्तर या कागदावर होतं. ती नुसती सरावाची धाव होती, त्या दिवशी एक रुपयाही पणाला नव्हता. पण चार महिने डोक्यात ज्याने प्रत्येक किलोमीटरला तीन हजारांचा भाव लावला आहे, त्याला सरावातही थांबता येत नाही. दुखणं हा शरीराचा निरोप असतो, आणि इथे तो निरोप ऐकला की कुणाच्या तरी मुलाचं नुकसान होणार होतं. कोण ऐकेल?

समाजासाठी धावणाऱ्यांनी देणगी अंतराला बांधू नये, असं माझं या प्रकरणापासून ठाम मत झालं आहे. देणाऱ्याला ती रीत गमतीची वाटते, त्यात उत्साह असतो, हिशेब सोपा असतो, हे मान्य. पण तिच्यात धावणाऱ्याच्या हाडावर दुसऱ्याच्या आजाराचं ओझं चढतं. खोलीची गरज ४२ किलोमीटरला असते तेवढीच शून्य किलोमीटरला असते. पैसे आधी, एकरकमी, कामासाठी मागावेत. धावणं ही त्या कामाची दवंडी, तिला पैशाची अट करू नये.

त्या दिवशी तपासणीनंतर आम्ही दोघींनी मिळून साठ जणांसाठी निरोप लिहिला. ताईंनी तीनदा खोडला. पहिल्या मसुद्यात "माफ करा" चार वेळा होतं, शेवटच्यात एकदाही राहिलं नाही. निरोप असा होता : "माझ्या नडगीच्या हाडाला इजा झाली आहे. १९ जानेवारीला मी धावणार नाही. ज्या मुलांसाठी आपण पैसे देणार होतात ती आजही उपचार घेत आहेत आणि त्यांच्या आईवडिलांना आजही खोली हवी आहे. आपण कबूल केलेली रक्कम शक्य असेल तर आताच संस्थेला द्यावी. मी बरी होऊन पुन्हा धावेन, तेव्हा कळवीन."

"पाठवू?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पाठवला.

पहिलं उत्तर पुण्याच्या दिरांचं आलं, दहा मिनिटांत. "वहिनी, आधी का नाही सांगितलंत? पाय कसा आहे?" पैसे त्याच रात्री गेले, ठरलेल्यापेक्षा जास्त. १० जानेवारीपर्यंत साठपैकी ५१ जणांनी रक्कम दिली, एकूण १,१४,००० रुपये. सहा जणांनी "पुढच्या वेळी धावाल तेव्हा देऊ" असं कळवलं. तिघांचं उत्तर आलं नाही. ताईंना या तिघांचं फार लागलं, आणि तसं लागणार हे मी आधी बोलायला हवं होतं.

पाय मात्र निरोपाने बरा होत नाही. २६ नोव्हेंबरला आम्ही घड्याळ मागे फिरवलं. पुन्हा दोन आठवडे बूट, मग चालणं. या वेळी तारीख न देता मी अटी दिल्या. पाऊण तास भरभर चालल्यावर दुखता कामा नये. अंगठ्याच्या दाबाला काही जाणवता कामा नये. एका पायावर उभं राहून पंचवीस वेळा टाच उचलता आली पाहिजे. त्याच पायावर दहा उड्या, न दुखता. चारही अटी ४ जानेवारीला पूर्ण झाल्या, आणि पाचपासून एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल, अशा सहा फेऱ्या, दिवसाआड.

१९ जानेवारीला पहाटे मुंबईत हजारो लोक सीएसएमटीसमोर उभे होते तेव्हा ताई कमाटी बागेत आपलं आठवं सत्र करत होत्या. मी मुद्दाम गेले होते. थंडी होती, शाल डोक्यावरून घेतलेले आजोबा फिरत होते. त्या दिवशी तीन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल, सहा वेळा. अठरा मिनिटांचं धावणं. शेवटच्या फेरीनंतर त्यांनी पायमोजा खाली सारला आणि स्वतःच्या अंगठ्याने नडगी दाबून पाहिली. मग मान हलवली, काही नाही.

मार्चपर्यंत पाळी नियमित झाली, वजन तीन किलोंनी परत आलं, ड जीवनसत्त्व ३४वर गेलं. जूनमध्ये त्या सलग दहा किलोमीटर धावल्या. आठवड्याच्या सगळ्या भाराची बेरीज आता वहीत असते. घरातली मोठी साफसफाई, लग्नातली धावपळ, सहलीला वर्ग घेऊन चढलेला पावागड, सगळ्यासमोर मिनिटं आणि दमणूक लिहिलेली. नव्या हंगामासाठी त्यांनी पुन्हा पैसे गोळा करायला घेतले, या वेळी अर्ध्या मॅरेथॉनच्या निमित्ताने. निरोपात अंतराचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे आणि बँकेचा तपशील पहिल्या.

२०२५च्या सप्टेंबरात घट बसण्याच्या चार दिवस आधी त्या दवाखान्यात आल्या. दुखत काही नव्हतं. गरब्याच्या किती रात्री आणि त्या आठवड्यात धावणं किती, हे ठरवायला आल्या होत्या. उपवास सोडा असं मी कधीच म्हटलं नाही, तेव्हाही नाही. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, पनीर, उपवासाला चालणारं किती आहे याची यादी आहारतज्ज्ञांनी आधीच दिली होती. बूट घालून गरबा खेळायला त्या तयार झाल्या नाहीत, देवीसमोर अनवाणीच. मग मैदानाऐवजी सोसायटीचं लॉन ठरलं, आणि तीन रात्री.

दसऱ्यानंतर त्यांनी वहीचं पान दाखवलं. अष्टमीची नोंद अशी होती : "मंगळवार. गरबा ५० मिनिटं, अनवाणी, लॉनवर. दमणूक ५. आधी दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, नंतर दाण्याचं कूट घालून खिचडी. नडगी : काही नाही. उद्या धावणं नाही."